शेवटच्या होडीचा शंख

एका राज्यात जमीन थोडी होती आणि समुद्र फार. तिथली माणसे चालायच्या आधी वल्हवायला शिकत, आणि लग्नाच्या वरातीही पाण्यावरून काढत. एक होडी निघाली तर तिला होडी म्हणत. पुष्कळ निघाल्या तरी पुष्कळ होड्याच म्हणत. मात्र त्या होड्या एकमेकींची वाट पाहत, एकमेकींना सांभाळत चालल्या, तरच त्यांना 'काफिला' हा शब्द मिळे. शब्द मानाचा होता. ऊठसूट कुणालाही तो लावत नसत.

त्याची रीत ठरलेली होती. धुके पडले की पहिल्या होडीने शंख फुंकायचा, मग दुसरीने, मग तिसरीने, असे करत शेवटचीपर्यंत. शेवटचा शंख आला नाही, तर पहिलीने शीड उतरवून थांबायचे. आणि राजा सोबत असेल, तर त्याने बसायचे शेवटच्या होडीत. राजाला मागे टाकून जाण्याची कुणाची छाती आहे? म्हणून मागची होडी कधी मागे राहत नसे. मला विचाराल, तर इतका शहाणा कायदा मी दुसऱ्या कुठल्याच राज्यात पाहिला नाही.

इथला राजा होता रत्नशेखर. त्याला उदयन नावाचा मुलगा आणि वेलावती नावाची मुलगी. राजा वाईट नव्हता, पण मोती दिसले की त्याचे भान सुटे. एकदा तो उदयनला सोबत घेऊन कुहक मांत्रिकाच्या बेटावरून मोत्यांच्या पेट्या उचलून परतत होता. पेट्या पहिल्या होडीत होत्या, म्हणून राजाही पहिल्या होडीत बसला, झाकणांवर दोन्ही हात ठेवून. शेवटच्या होडीत राजाची जागा रिकामी राहिली.

वाटेत धुके पडले. धुक्यातून कुहक पाण्यावरून चालत आला. त्याच्या पावलांचा आवाज होत नव्हता आणि पाण्यात त्याचे प्रतिबिंब पडत नव्हते.

"माझे मोती परत दे," तो म्हणाला. "नाहीतर शेवटची होडी दे."

राजाने थोडासा विचार केला. जास्त केला असता, तर मला ही गोष्ट सांगावी लागली नसती.

"शेवटची घे," राजा म्हणाला. मग होडी चालवणाऱ्या दामा तांडेलाकडे वळून म्हणाला, "शंख आला नाही तरी शीड उतरवू नकोस."

"मग तो शब्दही मला दे," कुहक म्हणाला. "तुला तो आता लागणार नाही."

होड्या किनाऱ्याला लागल्या. घाटावरच्या एका म्हातारीने सवयीने हात उंचावला आणि काफिला आला म्हणायला तोंड उघडले. तोंडातून शब्द आला नाही. ओंजळभर खारे पाणी आले. राजपुत्र उदयन कुठल्याही होडीतून उतरला नाही. राजाला वाटले, लाटेने नेला. दामा तांडेल मान खाली घालून उभा राहिला.

त्यानंतर ज्या होड्या निघत, त्यांतली शेवटची परत येत नसे. लोक म्हणाले, मग एकेकटेच जाऊ. पण एकटी होडी म्हणजे पहिलीही तीच आणि शेवटचीही तीच. तीही येईना. अखेर कुणी जाईनासे झाले. जाळी वाळत घातलेल्या जागीच विरली, आणि चुलींवर कंदमुळे शिजू लागली.

मोती मात्र कधी वाळले नाहीत. खजिन्याच्या फरशीवर घोटाभर पाणी राही. मोती कानाशी धरला तर दूरवर वल्ही ऐकू येत. एका दासीने हौसेने माळ घालून पाहिली, तर तिच्या केसांतून शेवाळ उगवले.

आणि धुके पडले की समुद्रावरून एक शंख वाजे. तो ऐकणारा माणूस पुढ्यातले ताट तसेच टाकून उठे आणि पाण्यात चालत जाई. म्हणून राजाची आज्ञा होती, धुके दिसताच सर्वांनी कानांत मेण घालावे. सगळे राज्य बहिरे होऊन धुके सरण्याची वाट पाहत बसे.

अशाच एका धुक्यात वेलावती गच्चीवर उभी होती. कठड्यावर एक पाणकावळा येऊन बसला. त्याची चोच हलताना दिसली, तेव्हा तिने एका कानातले मेण काढले.

"राजकन्ये, दुसरेही काढ," पाणकावळा म्हणाला.

"काढले तर मी समुद्रात जाईन."

"तो शंख बोलावत नाही. तो उत्तर देतो आहे. तुम्हीच त्याला विचारायचे सोडले आहे."

वेलावतीने दुसऱ्याही कानातले मेण काढले. शंख वाजला. तिचे पाय आपोआप जिन्याकडे वळले, पण फुंक संपता संपता तुटली आणि ती जागीच खिळली. अशी तुटकी फुंक राज्यात एकाचीच होती. लहानपणी वल्ह्याचा फटका बसून उदयनचा ओठ फाटला होता.

"माझा भाऊ जिवंत आहे?" तिने विचारले.

"राजाची जागा रिकामी दिसली, म्हणून तो शेवटच्या होडीत जाऊन बसला. तो जिवंत नाही आणि मेलेलाही नाही. तो मागे राहिला आहे," पाणकावळा म्हणाला. "त्याला आणायला तीन गोष्टी कर. लोकांच्या कानांतले मेण काढ. मोती समुद्राला परत दे. आणि राजाला त्याच्या जागी बसव."

पहिले काम तिने स्वतःचा शंख घेऊन केले. घाटावर उभी राहून तिने धुक्याला हाक दिली, तशी पलीकडून तुटकी फुंक आली. मेण काढायला आधी घाटावरची ती म्हातारीच धजावली. तिला शंख ऐकू आला, पण पाय ओढले गेले नाहीत. विचारल्यावर आलेले उत्तर कुणाला बुडवत नाही. मग एकेकाने मेण काढून वाळूत टाकले.

दुसऱ्या कामासाठी ती राजाकडे गेली. राजा खजिन्याच्या पाण्यात पाय बुडवून बसला होता.

"तात, मोती द्या."

"त्यांच्यासाठी मी एक होडी दिली आहे. आता ते दिले, तर ती होडी फुकट गेली."

"त्या होडीत उदयन होता."

राजाने दाराशी उभ्या असलेल्या दामाकडे पाहिले.

"खरे आहे, महाराज," दामा म्हणाला. "मी त्याचा शंख ऐकला होता. शीड उतरवले नाही."

राजा रडला नाही. त्याच्या हातातला मोती गळून पाण्यात पडला, आणि तो उचलायला तो वाकला नाही. पुष्कळ वेळाने तो उठला आणि म्हणाला, "माझी जागा कुठे आहे ते मला दाखवा."

असे तिसरे काम न सांगताच झाले.

राज्यातल्या उरल्यासुरल्या होड्या धुक्यात निघाल्या. पहिल्या होडीत वेलावती आणि दामा, शेवटच्या होडीत पेट्या घेऊन राजा. खोल पाण्यात पोचल्यावर राजाने पेट्या रिकाम्या केल्या. एकेक मोती बुडताना सुस्कारा टाकत गेला. वेलावतीने शंख फुंकला. एकामागून एक होडीने उत्तर दिले, राजाने दिले, आणि त्याच्याही मागून तुटकी फुंक आली.

धुक्यातून होडी बाहेर आली. तिचे शीड शेवाळाचे होते. वल्हवणारे डोळे मिटून वल्हवत होते, आणि उदयन राजाच्या जागी ताठ बसला होता, शंख ओठांना लावून.

"बाळा," राजा म्हणाला, "ऊठ म्हणत नाही. तू पुढे हो. ही जागा माझी आहे." त्याने आपली होडी थांबवली आणि मुलाची होडी पुढे जाऊ दिली.

तोच पाण्यावरून कुहक आला आणि त्याने राजाच्या होडीच्या मागच्या कडेवर हात ठेवला. होडी दगडासारखी जड झाली. राजाचा शंख ओठांशीच मुका झाला.

पुढे वेलावतीने पुन्हा शंख फुंकला. उत्तरे येत गेली. उदयनचे आले. त्याच्यामागून काहीच आले नाही.

दामाचा हात शिडाच्या दोरीवर थांबला. "राजकन्ये, ज्याच्यासाठी निघालो तो मिळाला आहे. किनारा जवळ आहे. काय करू?"

खरे सांगतो, त्या क्षणी तिच्या मनात आले की बापाने हेच केले होते, आता त्याचे त्याने भोगावे. भाऊ परत मिळाला होता. तिला एवढेच हवे होते.

"शीड उतरव," ती म्हणाली. "होडी वळव."

पहिली होडी वळली. ती वळताना पाहून दुसरी वळली, तिसरी वळली, उदयनचीही वळली. सगळ्या होड्या राजाभोवती येऊन उभ्या राहिल्या, कड कडेला लागली.

"पुढे जा!" कुहक ओरडला. "शेवटची माझी आहे!"

"घे ना," वेलावती म्हणाली. "शेवटची कोणती ती दाखव."

कुहकाने या होडीकडे पाहिले, त्या होडीकडे पाहिले. पुढे कुणी गेलेच नव्हते, मग मागे कोण राहणार? त्याचा हात कडेवरून घसरला. हातामागोमाग तो सगळाच पाण्यात विरघळला आणि धुके उचलले गेले. वल्हवणाऱ्यांनी डोळे उघडले. उदयनने शंख खाली ठेवला आणि पहिला प्रश्न केला, "तात, तुम्ही मागे कसे?"

राजा तेव्हा रडला.

किनारा दिसू लागला तेव्हा घाटावरच्या म्हातारीने हात उंचावला. तोंड उघडायला ती घाबरत होती. तिने आधी शेवटच्या होडीतला राजा नीट पाहून घेतला, आणि मग म्हणाली, "काफिला आला." तोंडातून पाणी आले नाही.

पुढे राज्य सुखाने नांदले, जाळी पुन्हा ओली झाली, वराती पाण्यावरून निघू लागल्या. त्या राज्यात तो शब्द अजूनही तसाच वापरतात. बंदरात बांधलेल्या होड्यांना तो लावत नाहीत, निघालेल्यांनाही नाही. आणि पुढच्या होड्या पाहून एखाद्याने उतावीळपणे तोंड उघडले, तर शेजारचा माणूस त्याच्या ओठांवर हात ठेवतो, आणि शेवटची होडी दिसेपर्यंत सगळा घाट मुकाट्याने समुद्राकडे पाहत राहतो.