पळपुट्याची भाकरी

वाघजाळीच्या खिंडीत, वाटेच्या डाव्या हाताला एक बसका काळा दगड आहे. त्यावर भाकरी ठेवलेली दिसली तर हात लावू नका, असे गावातल्या म्हाताऱ्या बाया पाहुण्यांना आधीच बजावतात. ती देवाची नाही, पळपुट्याची आहे.

इतर गावांत खेळ सोडून गेलेल्या पोरालाही हा शब्द हसत हसत म्हणतात. इथे नाही. नुसता भ्याला तो भेकड. ज्यांचे अन्न खाल्ले त्यांनाच संकटात टाकून गेला, तो पळपुटा.

पेंढाऱ्यांच्या काळी म्हणे या खिंडीवर भिवजी आणि हैबती असे दोन राखणदार होते. घरोघरची भाकरी त्यांना पाळीने यायची. धाड आली तर भिवजीने वाट अडवायची आणि हैबतीने शिंग फुंकायचे, असे ठरलेले होते. एका दुपारी धाड आली. भिवजी एकटा लढत पडला. शिंग वाजलेच नाही. हैबती ते घेऊनच पळाला होता. शेतात पांगलेल्या गावाला कळले तेव्हा घरे पेटली होती.

पावसाळा सरल्यावर हैबती खंगून परत आला. माणसे कुऱ्हाडी घेऊन धावली. भिवजीची बायको गवराई आडवी आली.

"मेला की सुटला. याला जगवायचा."

"मग काय वहिनी, जावई करून घ्यायचा?" दीर कडाडला.

"हो भावजी, जावयासारखाच. रोज नव्या घरची ऊन ऊन भाकरी. वाढताना फक्त म्हणायचं, 'पळपुट्या, जेव.'"

तसेच झाले. हैबतीला या दगडावर बसवले. रोज एक बाई भाकरी आणायची, तो शब्द उच्चारायची, आणि भुकेपोटी तो मान खाली घालून खायचा. गवराई शेवटचा घास उतरेपर्यंत समोर उभी असायची.

"मारून टाका मला," तो विनवायचा.

"उद्या पाटलांच्या घरची आहे," ती म्हणायची.

मग त्याच्या आईची, राजाईची पाळी आली. म्हातारीने भाकरी ठेवली, पण तोंडातून शब्द फुटेना.

"म्हणा मावशी," गवराई म्हणाली. "माझ्या पोरांना बाप नाही. म्हणा."

राजाईने लेकाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "पळपुट्या, जेव."

त्या भाकरीला हैबतीने हात लावला नाही. पुढे कोणाच्याच नाही. दगडावर बसल्या बसल्याच तो गेला, असे सांगतात.

आजही धाडीच्या तिथीला गाव खिंडीत जमतो. भाकरी ठेवणारी बाई मुलाची आई असावी लागते. आणि तो शब्द तिने दगडाकडे नाही, शेजारी उभ्या असलेल्या आपल्या लेकाच्या डोळ्यांत बघून म्हणायचा असतो.