सूर्यफुलाचा फोटो आणि सखाहरीचा अर्ज

विषय : प्रयोगशाळा परिचर सखाहरी ढेपे यांस नोकरीत कायम करणेबाबत.
संदर्भ : सूर्यफूल, एक नग.

वरील विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, आमच्या तालुक्याच्या गावी, कॉलेजात, सखाहरी नावाचा एक भोळा परिचर आहे. अकरा वर्षे तो तात्पुरताच आहे. यंदा मार्चअखेर कायम झाला नाही, तर घरी बसणार.

वनस्पतिशास्त्राच्या आगटे मॅडम त्याला म्हणाल्या, "मला सूर्यफुलाचा अतिनील प्रकाशात फोटो काढायचाय. तेवढी मदत नीट करा, मी तुमच्या अर्जावर शिफारस लिहिते."

"सांगाल तसंच करतो, मॅडम."

अडचण तिथेच होती.

"आधी एक सूर्यफूल आणा. जपून हं."

सखाहरीने फूल घरी नेले आणि ट्रंकेत, बायकोच्या शालूच्या घडीत ठेवले. त्याच्या घरी जपायच्या वस्तू तिथेच असतात. दुसऱ्या दिवशी त्याने मॅडमपुढे फुलाचा पापड ठेवला.

"अहो, फूल जपायचं म्हणजे पाण्यात ठेवायचं!"

सखाहरीने मान डोलावली. मग मॅडमनी अतिनील दिवा मागवला. "हाही जपून. महागाचा आहे."

सखाहरीने तो बादलीत बुडवून आणला. "कोमेजला नाही बघा," तो म्हणाला.

"दिव्याला पाणी लागू द्यायचं नाही! कोरड्या फडक्यानं घासूनपुसून आणायचं!"

नवा दिवा यायला तीन आठवडे गेले. तो आल्यावर मॅडमनी पुन्हा सूर्यफूल मागितले. सखाहरीने ते उपरण्याने असे घासले, की एकच पाकळी उरली. ती मात्र लख्ख होती.

मॅडम खुर्चीत बसल्या. "सखाहरी, पुसायचं फक्त दिव्याला. बाकी काही पुसायचं नाही, पाण्यात ठेवायचं. राहील लक्षात?"

"राहील."

तिसरे फूल मॅडमनी स्वतःच आणले. पडदे ओढले, दिवा लावला, फोटो काढला. एरवी पिवळ्याधमक दिसणाऱ्या पाकळ्यांवर, फोटोत मोठे काळे वर्तुळ उमटले.

"हे आधी कुठं होतं, मॅडम?"

"तिथंच होतं. आपल्याला दिसत नाही, मधमाशीला दिसतं."

मॅडम खुशीत होत्या. त्यांनी अर्जावर निळ्या शाईने आठ ओळींची शिफारस लिहिली. "जा, प्राचार्यांना द्या. आज शेवटचा दिवस आहे."

अर्ज हा दिवा नव्हे, याची सखाहरीने दोनदा खात्री करून घेतली. मग तो पाण्याच्या तांब्यात घातला.

प्राचार्यांनी निथळता कागद दोन बोटांत धरला. खिडकीकडे नेला. उलटा करून पाहिला.

"ढेपे, यात मला काहीच दिसत नाही."

सखाहरी समजुतीने हसला. "तुम्हाला नाहीच दिसायचं, सर. द्या इकडं."

कॉलेजच्या पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ आहे. सखाहरीने शिडी लावून अर्ज तेथे समक्ष सादर केला. पोच त्याच दिवशी मिळाली. ती चेहऱ्यावर सात ठिकाणी आणि मानेवर तीन ठिकाणी होती.

अर्ज पोळ्यास चिकटलेल्या स्थितीत आहे. तो खाली काढण्यास कोणीही कर्मचारी तयार नाही. मधमाश्यांचा अभिप्राय अप्राप्त आहे. सबब, अर्ज प्रलंबित.