कोऱ्या रेशमाचा झिम्मा

“नवं कोरं रेशीम नेसून याल, तरच चौकात झिम्मा! जुनं नको, विटकं नको, आणि कुणाकडे मागून आणलेलं तर मुळीच नको!”

सोनवडीच्या रंगराव महाराजांनी फर्मान काढलं आणि कन्याशाळेच्या वीस मुलींची तोंडं एवढीएवढीशी झाली. शिक्षण संपलं की शेवटच्या वर्गाने राजवाड्याच्या चौकात झिम्मा खेळायचा, असा तिथला रिवाज. महिनाभर नदीच्या वाळूत नाचून त्यांच्या टाचा खरखरीत झाल्या होत्या. आणि आता हे! कुणाचा बाप कुंभार, कुणाचा गवळी. रेशीम आणायचं कुठून?

“दिवाणजी, महाराजांना समजवा ना!” मुली काकुळतीला आल्या.

“त्यांना? अगं, ते एकदा नाही म्हणाले की त्यांची मिशीसुद्धा हो म्हणत नाही!”

सगळ्याजणी मुसमुसू लागल्या. कासाराची तानी तेवढी बोटांवर काहीतरी मोजत होती. आईबरोबर बांगड्या भरायला ती मोठमोठ्या घरी जाई. कुणाच्या पेटीत कोरा शालू पडून आहे, हे तिला तोंडपाठ. पण मागायचं नाही ना! विचार करता करता तिला एकदम खुदकन हसू फुटलं.

सोनवडीत नवी साडी कुणी आधी स्वतः नेसत नसे. एखाद्या हसऱ्या मुलीला ती नेसवायची, तिच्याकडून घडी मोडून घ्यायची, मगच आपण नेसायची.

दुसऱ्या दिवशी नगरशेटांच्या शेठाणीला बांगड्या भरताना तानी हळूच म्हणाली, “काकू, खुद्द महाराजांसमोर आजवर कुणाच्याच शालूची घडी मोडली नसेल, नाही?”

शेठाणीचा हात बांगडीत अर्ध्यावरच अडकला. “अगंबाई! परवा तुमचा झिम्मा ना? माझ्या डाळिंबी शालूची घडी तुमच्यातल्या एखादीनेच मोडायची! आणि त्या दिवाणीणबाईंजवळ बोलू नकोस हं!”

तानी बोलली नाही. शेठाणीलाच राहवलं नाही!

संध्याकाळी शाळेच्या दारात बायकांची झुंबड. प्रत्येकीच्या काखेत बोचकं.

“ही उंच मुलगी माझी!”

“वा! मी आधी धरलंय तिला!”

“बाळे, तू माझीच नेस गं. लाडू देते!”

एकोणीस मुली हां हां म्हणता संपल्या. तानी उरली होती, तेवढ्यात एक दासी धापा टाकत आली आणि मोरपंखी पैठणी तिच्या हातात ठेवून, कानात काहीतरी कुजबुजून पळाली.

झिम्म्याच्या दिवशी चौकात रेशमाची नुसती सळसळ! टाळ्या, गिरक्या, हसणं. महाराज ताडकन उठले.

“थांबा! हे रेशीम कोरं?”

“कोरंच, महाराज. घडीच्या रेघा पाहा!” तानी म्हणाली. बोलताना तिच्या कानशिलांवर लाली चढली होती.

“मग मागून आणलंत!”

“आम्ही कुणाच्या दारी गेलो नाही. बायकाच आमच्या दारी आल्या. आर्जवं त्यांनी केली, घड्या तेवढ्या आम्ही मोडल्या!”

“थापा! तुम्हा पोरींची आर्जवं कोण करणार? एक तरी नाव सांग!”

तानीने मान खाली घातली. “सांगितलं असतं, महाराज. पण तुम्ही त्यांच्याच शेजारी बसला होतात.”

महाराजांनी वळून पाहिलं. राणीसाहेब पदराआड हसत होत्या.

“मोरपंखी पैठणी माझीच. शेठाणीची घडी चौकात मोडणार आणि माझी नाही?”

महाराजांची मिशी आधी थरथरली. मग पोट हललं. मग ते असे खदखदून हसले की त्यांच्या डोक्यावरचा मंदिल तिरका झाला!

“जामदारखाना उघडा!” त्यांनी आरोळी दिली. “वीस कोरे शालू आणा! पोरींनो, यांच्याही घड्या मोडा. आणि खबरदार, एक जरी परत आणलात तर!”