जावईबापूंनी इंजिन धुतलं

आईशप्पथ सांगतो, ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली. म्हणजे, त्या दिवशी मी गावात नव्हतो. पण ज्याने पाहिली त्याचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत, परवाच मोतीबिंदू काढलाय. तेव्हा खरीच समजा.

एका गावात एक भोळा जावई होता. निवृत्ती त्याचं नाव. गावाचं नाव सांगत नाही, तिथं माझी सोयरीक आहे. निवृत्ती सासऱ्यांच्या घरीच राहायचा. सांगितलेलं काम करायचा. अगदी सांगितलं तसंच करायचा. घरच्यांचं दुःख तेवढंच होतं.

सासऱ्यांना सगळा गाव तात्या म्हणे. तात्यांकडे लग्नाकार्याला भाड्याने जाणारी एक गाडी होती. तात्यांचे गुडघे गेले आणि गाडी आता चालवायची कुणी, हा प्रश्न उभा राहिला. पुतण्या सुदाम टपून बसलेलाच होता. पण तात्यांची लेक शेवंता हट्टाला पेटली.

"चावी माझ्या माणसाला द्या. गाडी येते त्यांना चालवता. तीन वर्षं लोक घरजावई म्हणतात, एकदा ड्रायव्हर म्हणू देत की!"

तात्या आदल्याच दिवशी मोबाईलवर 'घरच्या घरी इंजिन धुवा' असा व्हिडिओ बघून बसले होते. म्हणाले, "उद्या खंडेनवमी. जावईबापू, सकाळी इंजिन धुऊन लखलखीत करा. संध्याकाळी गाडी पूजेला चकाचक उभी राहिली तर चावी तुमची. नाहीतर सुदामची."

शेवंताने नवऱ्याला बाजूला घेतलं. "अहो, सांगतील तसंच करा हं."

"नेहमी तसंच करतो की," निवृत्ती म्हणाला.

शेवंताने देवापुढं एक जादा दिवा लावला.

सकाळी तात्या कसेबसे गाडी घेऊन बाजारातून झेंडूची फुलं आणायला गेले आणि आले. गाडी दारात थांबते न थांबते तोच निवृत्तीने बोनेट उचललं आणि बादलीभर पाणी ओतलं. फुस्स! अंगणात वाफच वाफ. वाफेतून तात्या खोकत बाहेर आले. त्यांच्या ओठांवर एक शिवी आली होती, पण जावयाला शिवी देता येत नाही. ती त्यांनी गिळली.

"जावईबापू, काही गरम असलं की आधी गार होऊ द्यावं. मग पुढचं काम."

निवृत्तीने मान डोलावली. डोक्यात गाठ मारून ठेवली.

तो इंजिन गार व्हायची वाट बघत बसला. तेवढ्यात सासूबाईंनी गरम पाण्याची रबरी पिशवी त्याच्या हातात दिली. "एवढी ह्यांना नेऊन द्या. गुडघा शेकायचाय." पिशवी गरम होती. निवृत्तीने ती गार होऊ दिली. लवकर व्हावी म्हणून ओल्या माठावर ठेवली. तासाभराने नेऊन थेट गुडघ्यावर टेकवली.

तात्या कॉटवर उडाले. दुसरी शिवी गिळली.

"जावईबापू, अशी वस्तू टॉवेलात गुंडाळायची असते! चांगली झाकायची. ऊब म्हणून बाहेर जाऊ द्यायची नाही!"

निवृत्तीने मान डोलावली. डोक्यात दुसरी गाठ मारली.

तो गाडीकडे आला. इंजिन अजून कोमट होतं. त्याने घरातून दोन गोधड्या आणल्या आणि इंजिन छान गुंडाळलं. वर सासूबाईंची शाल खोचली. शेवंता पाणी भरायला बाहेर आली तर इंजिन बाळंतिणीसारखं झोपलेलं, आणि नवरा शेजारी राखण करत बसलेला.

तिने फाट्यावरच्या गुलाब मेस्त्रीला फोन लावला. "गुलाबभाई, जरा या हो. माझ्या चावीचा प्रश्न आहे." फोन ठेवला आणि दहाव्या मिनिटाला मेस्त्री दारात हजर.

गुलाब मेस्त्रीने गोधड्या काढल्या. हसला नाही. गावच्या लेकीच्या नवऱ्याला हसायचं ते पाठीमागे.

"दाजी, ऐका. हे अजून तासभर उघडं ठेवा, वारा लागू द्या. मग बॅटरीची काळी वायर सोडायची. हा फ्यूजचा डबा, हा अल्टरनेटर, हे एअर फिल्टरचं तोंड. ही नाजूक मंडळी. पाणी लागलं की रुसतात. म्हणून जे जे नाजूक, ते आधी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायचं. मग साबणाचं पाणी फवारायचं, ब्रशने घासायचं, आणि वरून पाण्याची बारीक धार. हलक्या हाताने. समजलं?"

"समजलं. नाजूक ते पिशवीत."

मेस्त्रीने शहाणपणा करून पिशव्या स्वतःच बांधल्या, काळी वायर स्वतःच सोडली, आणि मगच तो गेला.

निवृत्ती तास मोजत बसला. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "रिकामेच आहात तर तुळशीला पाणी घाला."

निवृत्ती वृंदावनापाशी गेला. तुळस बघितली. किती नाजूक! त्याने किराणामालाची मोठी पिशवी आणली, तुळस तीत घातली, खाली सुतळीने तीन वेढे दिले आणि मग वरून बारीक धार सोडली. हलक्या हाताने.

सासूबाई नैवेद्याचं ताट घेऊन आल्या आणि जागीच थांबल्या.

"अगंबाई, देवीला पिशवीत कोंडलीत? जावईबापू, पाणी असं घालतात का कुठं? आधी सगळं मोकळं करायचं. मग भरपूर ओतायचं. पार मुळापर्यंत गेलं पाहिजे पाणी!"

निवृत्तीने मान डोलावली. एव्हाना डोक्यात गाठींना जागा उरली नव्हती. त्याने जुन्या सोडून ही नवी मारली.

आणि तासही भरला होता.

तो गाडीपाशी गेला. मेस्त्रीने बांधलेल्या पिशव्या सोडल्या. फ्यूजचा डबा उघडला. एअर फिल्टर उघडला. ऑइलचं झाकण फिरवून काढलं. ज्याला ज्याला झाकण होतं ते उघडलं. मग हंडा भरला. एक हंडा, दोन हंडे, तीन हंडे. तरी त्याचं समाधान होईना, कारण मूळ काही दिसेना. शेवटचा तांब्या त्याने ऑइलच्या तोंडात ओतला, कान लावला आणि आत गडगड आवाज आल्यावर म्हणाला, "पोचलं."

शेवंताने पुन्हा फोन लावला. या वेळी ती बोलली नाही, नुसती रडली. दहाव्या मिनिटाला गुलाब मेस्त्री दारात.

त्याने एकदा इंजिनाकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे. "दाजी, तुम्ही आता फक्त बसा. हात मांडीवर ठेवा. उचलू नका."

मग मेस्त्रीने ऑइल काढलं, नवं घातलं. हवेने पाणी उडवलं, फडक्याने एकेक नळी पुसली, उन्हात वाळवलं. आणि मग जे आधीच व्हायला हवं होतं तेही केलं: पिशव्या, साबण, ब्रश, बारीक धार. चार वाजता काळी वायर जोडून चावी फिरवली. गाडी शिंकली, खोकली, आणि चालू झाली. दहा मिनिटं तशीच चालू ठेवून बंद केली. इंजिन असं लखलखत होतं की तात्यांनी त्यात बघून मिशी सारखी केली.

"हे कुणी केलं?" तात्यांनी विचारलं.

"ह्यांनीच," शेवंता म्हणाली. मेस्त्री पुरणपोळी खात होता, त्यामुळे त्याला बोलता आलं नाही.

संध्याकाळी पूजा मांडली. मधोमध गाडी, पुढे पाटावर कोयता, विळा, पाना, जॅक. गाडीला झेंडूचा हार घातला. हाराचा दोरा लांब झाला म्हणून निवृत्तीने पाटावरचा विळा उचलला. सासूबाईंनी हात धरला.

"अहो, पूजेला मांडलेलं हत्यार उद्या सोनं वाटेपर्यंत कामाला लावत नाहीत! उद्या आपट्याची पानं वाटून झाली की मग."

निवृत्तीने मान डोलावली.

तात्यांनी चावी त्याच्या हातावर ठेवली. सुदामने तोंड फिरवलं. शेवंताने पदराने डोळे पुसले.

"एकच चावी आहे, जावईबापू. नाजूक वस्तू. जपा. आणि उद्या पाच वाजता गाडी देवळापुढं आणायची. सगळ्या गावाला बोनेट उघडून दाखवू. पोरं हात घालतील, तेव्हा इंजिन गार पाहिजे. कुणाला चटका बसता कामा नये. आणली नीट, तर चावी कायमची तुमची."

नाजूक. गार. सोनं वाटेपर्यंत कामाला लावायचं नाही. निवृत्तीला त्या दिवशी पहिल्यांदा सगळं एकदम समजलं. एकही गाठ सुटली नाही.

दसऱ्याला पाच वाजता गाव देवळापुढं जमला. देऊळ उताराच्या मधोमध, तात्यांचं घर वरच्या आळीत, खाली तळं. तात्या नवा फेटा बांधून खुर्चीत बसले होते. वरून गाडी येताना दिसली. झेंडूचा हार, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, आणि आवाज? अजिबात नाही.

"बघा," तात्या सरपंचांना म्हणाले, "धुतलेलं इंजिन कसं चालतं. चाहूलसुद्धा लागत नाही."

"वा!" सरपंच म्हणाले. "आमची गाडी तर अख्खा गाव उठवते."

गाडी जवळ आली. तात्यांनी हात वर केला. गाडी हात न बघताच पुढे गेली. स्टिअरिंगवर कुणीच नव्हतं. मागून निवृत्ती धावत येत होता, घामाने निथळत. घरापासून त्याने गाडी ढकलत आणली होती. पूजेतलं इंजिन कामाला लावायचं नव्हतं आणि गारही ठेवायचं होतं, मग दुसरं काय करणार? उतार लागला तशी गाडीने त्याला मागे टाकलं. चावी खिशात, त्यामुळे स्टिअरिंग अडकलेलं. गाडीला वळता येईना. ती सरळ गेली. रस्ता वळला, गाडी नाही वळली.

धबाक!

तळ्यात गाडी काचेपर्यंत बुडाली. झेंडूचा हार तेवढा वर तरंगत राहिला. काठावर सगळा गाव. कुणी आपट्याचं पान वाटेना. तात्या काठी टेकत टेकत आले. त्यांनी तोंड उघडलं. दोन दिवसांच्या सगळ्या शिव्या घशाशी आल्या होत्या, पण त्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला.

"चावी?"

निवृत्तीने खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात दुसरी. तिच्यात तिसरी. प्रत्येकीला सुतळीचे तीन वेढे. आत चावी.

"कोरडी ठेवलीय, तात्या. पाण्याचा थेंब लागू दिला नाही."

तात्यांनी तळ्याकडे पाहिलं. मग चावीकडे. मग जावयाकडे.

"तुमच्याकडेच ठेवा," ते म्हणाले. "कायमची."

निवृत्ती उतार चढून पळत सुटला. वरच्या आळीत शेवंता ओवाळायचं ताट घेऊन दारात उभी होती. त्याने लांबूनच चावी उंच धरली.

"अगं, मिळाली! कायमची! आणि मेस्त्रीला सांग, आज पाणी पार मुळापर्यंत पोचलंय!"

तर अशी ही खरी गोष्ट. आता शपथ घेतलीच आहे, तर एक कबुली देऊन टाकतो. यातली एक गोष्ट मी पदरची घातली आहे. गाडी तळ्यात गेली ते खरं, तुळस पिशवीत होती ते खरं, इंजिन गोधडीत निजलं होतं तेही खरं. पण बोलावल्यावर दहा मिनिटांत मेस्त्री दारात आला, तोही एकाच दिवसात दोनदा, हे मात्र मी साफ खोटं सांगितलं.