न झालेल्या लग्नाचा कागद
चिपळूणच्या शाळेत जन्मभर पोरांचे कान पिळून झाल्यावर साठीच्या सरोजिनीबाई लग्नाला उभ्या राहिल्या, तेही थेट कॅरेबियन बेटावर. नवरदेव जनार्दनपंत तिथेच स्थायिक झालेले.

नोंदणी अधिकाऱ्याने चष्म्यावरून पाहिलं. "आधी लग्न झालं नसल्याचा दाखला?"

"झालंच नाही, तर दाखला कसला?"

"तोंडी चालत नाही, बाई. ज्याचा कागद नाही, ते या कचेरीत घडलेलंच नसतं!"

बाई खुर्ची ओढून ऐसपैस बसल्या. "मग दाखवा माझ्या आधीच्या लग्नाचा कागद."

"असा कागद नाही माझ्याकडे."

"म्हणजे ते घडलेलंच नाही. तुमचाच नियम. मारा शिक्का!"

साहेबांनी लग्नाच्या दाखल्यावर शिक्का मारला.

बाहेर येताच बाई नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, हा कागद जपा बरं. हरवला तर मी पुन्हा कुमारी!"