कड्याला वळसा

पुष्कळ पुष्कळ वर्षांमागे, जेव्हा माणसं डोंगराला मामा आणि नदीला मावशी म्हणत, तेव्हाची ही हकिगत. लहानांनो, जरा पुढे सरका. थोरांनो, तुम्हीही कान द्या.

एका उंच पठारावर एक गाव होतं. घरं वर, आणि भाताची खाचरं खाली नदीच्या काठी. मधे उभा कडा. त्या कड्यात वाडवडलांनी पाय टेकण्यापुरत्या खोबण्या खोदल्या होत्या. वरची खोबणी हातानं धरायची, खालची पायानं चाचपायची, असं करत गावकरी उतरत आणि चढत. त्याचा त्यांना कोण अभिमान! "आमच्या गावचं माणूस म्हणजे घोरपड," असं ते पाहुण्यांना छाती फुगवून सांगत.

पण माणूस काही जन्मभर घोरपड राहत नाही. कुणाचे गुडघे धरत, कुणाची नजर मंदावे, कुणाला दिवस जात. मग ते माणूस वरच राही. गावाचा रिवाजच होता, ज्याला कडा झेपत नाही त्यानं घरी बसावं. कित्येक म्हाताऱ्यांनी वर्षानुवर्षं नदीत पाय बुडवला नव्हता. पठाराच्या टोकाशी बसून ही मंडळी नदीची खालची चकाकती रेघ बघत आणि संध्याकाळी उठून घरी जात.

म्हाळसाबाई त्यांतलीच एक. तिचं माहेर नदीकाठचं. पोहायला ती चालायच्या आधी शिकली, असं तिची आई सांगायची.

तिची सून केसर रोज खाचरात जाऊन येई. एकदा म्हाळसाबाईनं विचारलं, "केसर, आज पाणी कसं होतं गं?"

"गार होतं, आत्याबाई."

"गार म्हणजे कसं?"

केसरला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी तिनं कमरेला तांब्या बांधून नदीचं पाणी वर आणलं. निम्मं कड्यातच सांडलं, उरलेलं उन्हानं कोमट झालं. म्हाळसाबाईनं त्यात बोटं बुडवली आणि हसली.

"पाणी तिचंच आहे, पण ही नदी नव्हे पोरी. नदी चालते."

केसरनं तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "मग आपणच जाऊ तिच्याकडे."

"या गुडघ्यांनी? कड्यावरून?"

"कड्याला वळसा घालून."

ओसरीवर बसलेला रायाजी हे ऐकून खो खो हसला. रायाजी म्हणजे केसरचा दीर, गावातला सगळ्यात चपळ गडी. डोक्यावर भारा घेऊन तो कडा चढे आणि वर आल्यावर शीळ घाली.

"वहिनी, कड्याला वळसा असता तर वाडवडलांनी खोबण्या कशाला खोदल्या असत्या?"

"त्यांना घाई असेल, भावजी. आम्हाला नाही."

दुसऱ्या दिवशी सासू-सुना निघाल्या. नदी पुढे, आणि या दोघी गावाच्या पाठीमागे, रानाकडे चालल्या! बघणाऱ्यांना वाटलं, यांचं डोकं फिरलं. पण म्हाळसाबाईच्या मनात एक गोष्ट होती. रानातले गवे उन्हाळ्यात पाण्यावर जातात, हे तिनं ऐकलं होतं.

"एवढं धूड पाण्याला जातं ते काही खोबण्या धरून जात नसेल," ती म्हणाली.

आणि खरंच! ऐन-किंजळीच्या दाट सावलीत गव्यांनी तुडवलेली वाट सापडली. रुंद, पाचोळ्यानं मऊ, आणि अशी बेतानं उतरणारी, की आपण उतरतो आहोत हे पायांना कळूही नये. म्हाळसाबाईनं केसरचा हात घट्ट दाबला. तिचे डोळे लहान मुलीसारखे चमकत होते.

"अजून थोडं जाऊ या? त्या वळणापर्यंत?"

"जाऊ या की!"

त्या दिवशी त्या वळणापर्यंत गेल्या. पुढच्या दिवशी पुढच्या वळणापर्यंत. केसर कोयत्यानं करवंदीच्या जाळ्या छाटी. ओहोळ आडवा आला तिथे तिनं पाय टाकायला धोंडे मांडले. सासूला जिथे धाप लागे, तिथे ती एक सपाट दगड लोटून आणी आणि बसायला जागा करी. मग ही बातमी गावात फुटली. एक आंधळे आजोबा काठी टेकत आले. भरल्या दिवसांची एक बाई आली. कुणी कोयता आणला, कुणी कुदळ. "आज वाट कुठवर गेली?" हे विचारल्याशिवाय घरोघरी चुली पेटेनात!

रान संपलं आणि एकदम माळ लागला. वारा असा की बोलणं उडून जावं! कमरेएवढं गवत, त्यात रानतुळशीचा वास. आंधळे आजोबा मधेच उभे राहिले. "इथं आभाळ मोठं आहे, नाही का रे?" असं म्हणाले आणि बराच वेळ तसेच तोंड वर करून राहिले. माळ हळूहळू उतरत गेला, करंजाची झाडं आली, आणि झाडांच्या फटीतून ती दिसली.

म्हाळसाबाईनं केसरचा हात सोडला. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून ती पाण्यात शिरली, ओंजळ भरून तोंडावर मारली आणि ओरडली, "अगं बाई, गार म्हणजे असं!" काठावरची सगळी म्हातारी मंडळी हसता हसता रडायला लागली.

रायाजीला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "अर्धा दिवस चालून नदी? तेवढ्यात मी चारदा खाली जाऊन येईन. ही कसली वाट? ही म्हातारवाट!" तरुण पोरं हसली आणि ते नाव वाटेला चिकटलं.

भाद्रपदात पावसानं धरणं धरलं. दिवसामागून दिवस उघडीप नाही. भात नुकतं पोटरीत आलं होतं, लोंब्या फुटायच्या बेतात होत्या, आणि नदी खाचरांच्या बांधाला टेकली होती. बांध गेला तर खाचरं जाणार, आणि खाचरं गेली तर गाव वर्षभर उपाशी. एका सकाळी खालून राखणदारांचं शिंग वाजू लागलं. वाजतच राहिलं. बांधाला भगदाड पडलं होतं.

रायाजीनं डोक्याला फडकं गुंडाळलं. "ज्यांच्या पायांत दम आहे ते माझ्यामागे!"

"भावजी, कडा निसरडा झालाय," केसर म्हणाली. "आमच्याबरोबर चला."

"तुमच्या वाटेनं? तुम्ही पोचेपर्यंत नदी भात कापून नेईल!"

मूठभर पोरं त्याच्यामागे कड्यात उतरली. बाकीचं गाव पावसात उभं राहिलं. इतकी वर्षं कड्याच्या टोकावर उभं राहून खाली बघायचं, एवढंच त्यांच्या हाती असे. म्हाळसाबाईनं जवळच्या ओसरीवरची टोपली उचलली.

"बघत काय राहिलात? टोपल्या घ्या, फावडी घ्या, गोणपाटं घ्या! आता आपल्यालाही खाली जाता येतं!"

आणि सारं गाव रानाकडे धावलं. धावलं कसलं, ज्याला जसं जमेल तसं चाललं. पण थांबलं कुणी नाही. पाण्यानं कडा घसरडा केला होता, पण पाचोळ्याच्या वाटेवर पाय घट्ट बसत होते. ओहोळ फुगला होता, तरी धोंडे जागचे हलले नव्हते. आंधळे आजोबा तर सगळ्यांच्या पुढे! "वाट पायांना पाठ आहे माझ्या," ते ओरडत होते, "या माझ्यामागे!"

तिकडे कड्याच्या तळाशी वेगळंच झालं होतं. शेवटच्या खोबण्यांवरून रायाजीचा पाय सुटला होता आणि घोटा टम्म सुजला होता. पोरं सगळ्यांच्या आधी पोचली होती, यात शंका नाही. पण एक जण दगड आणायला जाई तोवर आधीचा दगड वाहून जाई. भगदाड रुंद होत चाललं. हात कमी पडत होते. चिखलात बसलेल्या रायाजीनं शेवटी दात ओठ खाऊन म्हटलं, "सोडा बांध. जीव वाचवा."

तेवढ्यात करंजांच्या मागून गलका ऐकू आला. पोरांनी वळून पाहिलं. झाडांतून माणसं येत होती, आणखी येत होती, येतच होती! आज्या, आजोबा, लेकुरवाळ्या, ज्यांना या पोरांनी कधी खाचरात पाहिलंच नव्हतं ती सगळी. कुणाला काही सांगावं लागलं नाही. माळापासून बांधापर्यंत माणसांची रांग लागली. या हातातून त्या हातात दगड, या हातातून त्या हातात मातीची टोपली. म्हाताऱ्या बायका गोणपाटांत गवत आणि माती कोंबून तोंडं शिवत होत्या. म्हाळसाबाईनं एक टोपली रायाजीपुढे आपटली.

"पाय गेला असेल, हात तर आहेत? भर!"

रायाजी दोन्ही हातांनी चिखल उपसू लागला.

संध्याकाळी पाऊस दमला. नदी बांधाला धडका देऊन देऊन मागे सरकली. बांध उभा राहिला, भात उभं राहिलं. लोक चिखलानं असे माखले होते की आई लेकराला ओळखेना, आणि ज्याला त्याला नुसतं हसू येत होतं.

आता रायाजीनं घरी जायचं कसं? कडा काही त्याला चढता येणार नव्हता. मग एका बाजूनं आईनं धरलं, दुसऱ्या बाजूनं केसरनं, आणि तो चालू लागला. माळावर त्याला कळ सोसवेना. पुढ्यातच एक सपाट दगड होता. तो त्यावर टेकला.

"हा इथे कुणी ठेवला?" त्यानं विचारलं.

"ज्याला दम लागतो त्याच्यासाठी ठेवलाय," केसर म्हणाली.

रायाजीनं दगडावरून हात फिरवला. मग मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, मला वाटलं तुम्हाला कड्याची भीती वाटते, म्हणून तुम्ही वाट शोधलीत."

"भीती वाटतेच की. पण आत्याबाईंना नदी हवी होती."

घोटा बरा झाल्यावर रायाजी रोज कुदळ घेऊन रानात जाऊ लागला. त्यानं वाट रुंद केली, ओहोळावर साकव घातला. कडा आपल्या जागी राहिला, हौसेनं कुणी उतरतही असे. पण कामाला निघताना सारं गाव रानाच्या तोंडाशी जमू लागलं, आणि गावानं नवा रिवाज पाडला की सगळ्यांत सावकाश चालणारं माणूस सगळ्यांच्या पुढे चालेल. त्या गावात त्यानंतर कुणीही मागे राहिलं नाही, आणि नदीनं कधीच त्यांचं भात नेलं नाही.

बोध एवढाच, की जी वाट दुबळ्यालाही सोबत नेते, तीच संकटात सबळालाही तारते.