सागवानी दार आणि वरची कडी

सकाळी सव्वासातला माझी दीड वर्षाची ओवी दाराची खालची कडी काढून जिन्याच्या तोंडाशी पोचली आणि मी धावत जाऊन तिला उचललं. वर नवी कडी बसवायला मी स्क्रू ड्रायव्हर घेतला, तर घरमालक नरहरीकाका गरजले, "सागवानी दार आहे माझं! एकही भोक पाडायचं नाही!"

"बरं काका," म्हटलं. शेजारच्या वहिनींना हाताशी घेऊन बिजागऱ्या सोडवल्या आणि दार नेऊन काकांच्या ओसरीत टेकवलं.

"अगं पोरी, घर असं उघडं टाकतात का?"

"काका, ओवीला घर दार असतानाही उघडंच होतं. आता निदान तुमचं सागवान तरी शाबूत राहील."

काकांनी दार परत बसवलं, वर नवी कडीही बसवून दिली. ओळखीत कुणाचं पोर चालायला लागलं असेल, तर त्यांना एवढं सांगा, कडी त्याच्या हाताच्या वर लावा.